पंचायतीची बांधकाम परवानगी : पाया खणण्याआधी उतारा वाचा

दिवाळी झाली, सुगी आटोपत आली, की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या गावांत चिरा, खडी आणि वाळूचे ट्रॅक्टर फिरू लागतात. घर बांधायचा हंगाम हाच. पावसाळ्याच्या आधी निदान स्लॅब पडला पाहिजे, म्हणून सगळी घाई. गवंडी ठरतो, मुहूर्त ठरतो, सळीचा दर कुठल्या दुकानात किती हे तोंडपाठ होतं. परवानगीची आठवण मात्र बहुतेकांना पाया भरून झाल्यावर येते. तीही कोणीतरी पंचायतीत तक्रार दिली, बँकेने कागद मागितला किंवा हेस्कॉमने मीटर अडवला म्हणून.

मग पंचायतीत खेटे सुरू होतात आणि राग पीडीओवर निघतो. काही वेळा तो रास्तही असतो. पण दहा प्रकरणांचे कागद पुढ्यात घेऊन बसलं, तर बहुतेक ठिकाणी गाडं एकाच जागी अडलेलं दिसतं. परवानगी पंचायत देते हे खरं, पण ती मिळणार की नाही हे पंचायतीत जाण्याआधीच तुमच्या उताऱ्यावर लिहिलेलं असतं. उताऱ्यात खोट असेल तर अध्यक्ष ओळखीचा असून भागत नाही. उतारा स्वच्छ असेल तर परवानगी हा त्या मानाने सोपा कागद आहे.

आधी हे पाहा : जागा गावठाणात, बिनशेती की शेतात?

कर्नाटकात ग्रामपंचायत हद्दीतल्या बांधकामाला १९९३ च्या पंचायत राज कायद्याचं कलम ६४ लागू होतं. पंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय नवं घर बांधायचं नाही, जुन्यात बदल किंवा वाढ करायची नाही, पाडून पुन्हा उभारायचं नाही, असं ते कलम सांगतं. म्हणजे वडिलोपार्जित कौलारू घर उतरवून त्याच जागी स्लॅबचं घर बांधणार असाल, तरी परवानगी लागते. 'जागा आमचीच, घरही आमचंच, मग कुणाला विचारायचं' हे बोलायला ठीक आहे, कायद्यात बसत नाही.

ही परवानगी कुठल्या जमिनीवर मिळते, हा खरा प्रश्न. सोयीसाठी जमिनीचे तीन प्रकार धरा.

पहिली गावठाणातली. जुन्या वस्तीची हद्द मोजणी खात्याच्या नकाशात ठरलेली असते आणि तिच्या आतल्या घराला बिनशेतीची गरज नसते. अडचण अशी, की हद्द जुनी आहे आणि गाव वाढलेलं आहे. येळ्ळूर, उचगाव, किणये, नंदगड, कुठलंही मोठं गाव घ्या. चार पिढ्यांत वस्ती पसरत पसरत शेतात शिरली आहे. आपलं घर गावठाणात आहे असं ज्यांना ठाम वाटतं, त्यांच्यापैकी कितीतरी जणांची मागची खोली, कधी कधी सगळं घरच, सर्व्हे नंबरात निघतं. मारुतीच्या देवळापासून चार घरं अलीकडे आहे म्हणून गावठाण ठरत नाही. नकाशा बघावा लागतो.

दुसरी बिनशेती केलेली जमीन. १९६४ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने शेतजमीन राहण्याच्या वापरासाठी बदलून घेतलेली. इथे एक गफलत फार होते. नुसता बिनशेतीचा आदेश असला म्हणजे प्लॉट तयार झाला असं नाही. त्या जमिनीचा आराखडा, म्हणजे रस्ते, गटार, मोकळी जागा दाखवणारा लेआउट, मंजूर असावा लागतो. बेळगाव शहराभोवतीची जी गावं बुडाच्या नियोजन हद्दीत आहेत, तिथे ही मंजुरी बुडाची. इतरत्र नगररचना खात्याची. एकच प्लॉट असेल तर एकल प्लॉटची मंजुरी घेता येते. एजंट 'एनए आहे' म्हणून प्लॉट दाखवतो, तेव्हा त्याला लगेच पुढचा प्रश्न विचारायचा : लेआउट कोणी मंजूर केला, आणि त्या नकाशात हा प्लॉट कितवा?

तिसरी, आणि सीमाभागात सगळ्यात जास्त तंटे जिच्यावरून होतात ती, साधी शेतजमीन. शेतातले दोन-तीन गुंठे पाडून विकलेले, कागदावर कुठे खरेदी तर कुठे नुसता शंभरच्या बाँडवरचा करार, आणि त्यावर उभी राहिलेली पक्की घरं. २०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची वाट मोकळी झाली. त्यानंतर हे प्रकार आणखी वाढले, कारण 'आता कुणीही घेऊ शकतं' एवढंच लोकांनी ऐकलं. घेता येते हे खरं. पण घेतली म्हणून ती घरबांधणीची होत नाही, शेतजमीनच राहते.

शेतात घर बांधूच नये असं मात्र कायदा म्हणत नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात राहण्यासाठी, अवजारं ठेवायला, गुरं बांधायला शेतघर बांधता येतं. ते आपल्या धारण क्षेत्राच्या १० टक्क्यांच्या आत असावं लागतं आणि स्वतःच्या वापरासाठीच असावं लागतं. जांबोटी पट्ट्यात शेतघराच्या नावाने आठवड्याच्या सुट्टीला भाड्याने देण्याचे बंगले उभे राहतात, ते या व्याख्येत बसत नाहीत. तिथे भाडं घेतलं की शेतघर संपलं.

नमुना ९, ११अ आणि ११ब

ई-स्वत्तू आल्यापासून हे आकडे घरोघरी झालेत, तरी त्यांचा अर्थ अजून नीट पोचलेला नाही. नमुना ९ आणि नमुना ११अ हे अधिकृत मालमत्तेचे उतारे. गावठाणातली जागा, मंजूर लेआउटमधला बिनशेती प्लॉट आणि सरकारी योजनेत मिळालेली जागा यांनाच ते मिळतात. गावठाणातल्या जागेसाठी नाडकचेरीतून अर्ज करून मोजणी खात्याचा स्केच घ्यावा लागतो, तो जोडल्यावर पीडीओच्या डिजिटल सहीने उतारा निघतो. हे दोन उतारे हातात असतील तर अर्धं काम झालं समजा.

११ब हा वेगळा प्राणी. ज्या मालमत्ता नियमात बसत नाहीत त्यांची ही नोंद. 'तुझं घर इथे उभं आहे, कर भर', एवढंच सरकारने त्यात मान्य केलेलं असतं. २०२५ मध्ये पंचायत राज कायद्यात दुरुस्ती होऊन अशा मालमत्तांना करआकारणीत आणायची सोय झाली, तेव्हा गावोगावी 'आता सगळं रेग्युलर होणार' अशी हवा उठली. ११ब मिळाला म्हणजे शेतजमीन बिनशेती झाली किंवा बांधकाम परवानगी मिळाली असं नाही. त्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. मालमत्तेची कुठे नोंदच नसण्यापेक्षा ही नोंद बरी, कारण खरेदी-विक्रीची नोंदणी आता ई-खात्याशिवाय होत नाही. पण राष्ट्रीयीकृत बँकेत गृहकर्जाला ११ब घेऊन गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. मग सोसायटी किंवा पतसंस्था, आणि तिथला चढा व्याजदर. १५ लाखांच्या कर्जावर दरात नुसता ४ टक्क्यांचा फरक धरला, तरी पहिल्या वर्षालाच साधारण ६० हजार रुपये होतात. उतारा सरळ करून घ्यायला लागणारा खर्च आणि हेलपाटे या आकड्याशेजारी ठेवून बघा.

'तीस वर्षं घरपट्टी भरतोय' हे वाक्य प्रत्येक पंचायतीत रोज ऐकू येतं. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. मालकीचा नव्हे, परवानगीचा तर अजिबात नव्हे.

नावात काय काय अडतं

सीमाभागात एक दुखणं आहे जे धारवाडच्या किंवा साताऱ्याच्या माणसाला सहजी कळायचं नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्यामुळे आजोबांच्या वेळचे उतारे, फेरफार, खरेदीखतं मराठीत आहेत, त्याहून जुनी मोडीत. पुढचं सगळं कन्नडमध्ये. आणि आधार, पॅन, बँक पासबुक इंग्रजीत. एकच माणूस तीन लिप्यांतून फिरतो आणि प्रत्येक वळणावर नावाचं काहीतरी सांडतं. मराठी फेरफारात 'परशराम', कन्नड उताऱ्यात 'परशुराम', आधारवर तिसरंच. 'लक्षुमण'चा 'लक्ष्मण' होतो. कुठे आडनाव आहे, कुठे वडिलांच्या नावावर थांबलंय, कुठे घरचं टोपणनावच उताऱ्यावर चढलंय.

संगणक आल्यावर हे जास्त बोचायला लागलं. पूर्वी तलाठी माणूस ओळखायचा. कर्नाटकात त्याला आता वेगळं पदनाव आहे, पण आपल्याकडे तो तलाठीच. आता नाव जुळलं नाही की अर्ज पुढे सरकत नाही. यावर उपाय आहेत : दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, जुन्या कागदांच्या नकला, आणि उताऱ्यातच चूक असेल तर तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज. ही कामं वेळ खातात. म्हणून ती बांधकामाच्या वर्षी काढायची नसतात, आदल्या वर्षी काढायची असतात. मोडी कागद असेल तर तो वाचणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. लिप्यंतर करून, त्यावर वाचणाऱ्याची सही घेऊन ठेवलेलं बरं.

त्याहून मोठी गाठ वारसांची. उतारा अजून वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर आणि घर बांधायला निघालाय नातू, हे चित्र इतकं सर्रास आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पंचायतीला मात्र अर्जदार आणि मालक एकच लागतो. वारसा नोंद करायला गेलं की सगळे वारस पुढे येतात, आणि तिथे बहिणी येतात. कर्नाटकाने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला होता, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर झाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही हेही स्पष्ट केलं. म्हणजे आत्या आणि बहिणी यांना वगळून केलेली वाटणी पुढे टिकेलच असं नाही.

आपल्याकडच्या लेकी दिलेल्या असतात चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, सावंतवाडी, डिचोली, म्हापसा इकडे. कागद एका राज्यात, सही करणारी दुसऱ्या राज्यात. एखादी पुण्या-मुंबईला. हक्कसोडपत्र करायचं तर ते नोंदवलेलं हवं आणि त्यासाठी तिने बेळगाव जिल्ह्यातल्या उपनोंदणी कार्यालयात यावं लागतं, नाहीतर रीतसर कुलमुखत्यारपत्र द्यावं लागतं. भावाने गणपतीला आलेल्या बहिणीला 'जरा एक सही कर' म्हणून कोऱ्या कागदावर सही घेणं, हे पुढच्या भांडणाचं बियाणं आहे. तिला काय सोडतेय ते सांगा. सोडायचं नसेल तर तिचा वाटा ठेवून वाटणीपत्र करा, नोंदवा, आणि आपल्या वाट्याच्या जागेवर घर बांधा. एवढं केलं तर तक्रार अर्ज पडायची भीती निम्म्याने कमी होते. पंचायतीत बांधकाम थांबवा म्हणून येणाऱ्या अर्जांवर सह्या शेजाऱ्याच्या असतात तितक्याच भाऊबंदांच्याही असतात.

गुंठा, आणा आणि आर

मोजमापातही सीमा आडवी येते. कर्नाटकाच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठा, आणा असं असतं. महाराष्ट्राच्या सात-बारावर हेक्टर आणि आर. ४० गुंठ्यांचा एक एकर, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. गुंठ्याचे १६ आणे, एक आणा साधारण ६८ चौरस फुटांचा. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १,०७६ चौरस फुटांच्या आसपास. त्यामुळे गुंठा आणि आर बोलताना एकच धरले जातात, पण ते एक नाहीत. तीस बाय चाळीसचा प्लॉट १,२०० चौरस फुटांचा, म्हणजे एक गुंठा आणि दीड-पावणेदोन आणे. 'सव्वा गुंठा देतो' म्हणणाऱ्याने प्रत्यक्षात तीस बाय चाळीस दिला, तर दीडशेहून जास्त चौरस फूट कुठेतरी गेले. सर्व्हे नंबराचा तुकडाच घ्यायचा किंवा बिनशेती करायचा असेल, तर ११ई नकाशा काढून घ्यावा लागतो. तोही मोजणी खात्याचा. गावातल्या टेपचा चालत नाही.

अर्ज करताना

उतारा स्वच्छ असला की पुढचं काम फार लांबलचक नाही. पंचायतीत किंवा तिथल्या बापूजी सेवा केंद्रात अर्ज द्यायचा. सोबत नमुना ९ आणि ११अ, खरेदीखत किंवा वाटणीपत्र, आधार, चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, बिनशेती असेल तर तो आदेश आणि मंजूर लेआउट, आणि घराचा नकाशा. नकाशा परवानाधारक इंजिनिअरकडून करून घ्या. गवंड्याने वहीच्या पानावर काढलेला नकाशा घरात ठेवायला चांगला, अर्जाला लावायला नाही. नकाशात चारी बाजूला सोडलेली जागा, रस्त्याची रुंदी, सेप्टिक टाकी आणि विहीर किंवा बोअर यांतलं अंतर दाखवलेलं असावं. जुन्या गावठाणात घराला घर चिकटलेलं असतं. तिथे सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. तोंडी संमती पाया खणेपर्यंतच टिकते.

अर्ज कन्नडमध्ये असतो, त्याच्याखालचं हमीपत्रही. आपल्या लोकांची सवय अशी, की सेवा केंद्रातला मुलगा बोट दाखवील तिथे सही करायची. ते हमीपत्र वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गावातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या पोराला सोबत न्या, तो पाच मिनिटांत सांगतो. किती मजले, किती क्षेत्र, बाजूला किती जागा सोडणार, हे सगळं तुमच्या सहीने तुम्ही कबूल करत असता. कागदपत्रं मराठीतही मिळावीत ही सीमाभागाची मागणी जुनी आणि योग्यच आहे, पण तोवर न वाचता सही करणं हा त्यावरचा निषेध होत नाही.

अर्जाची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर तिथेच उभं राहून मागा. सकाळ योजनेत येणाऱ्या सेवेची पोच असेल तर तिच्यावर क्रमांक असतो, आणि ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम किरकोळ आहे, पण ती दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावावर पडते, म्हणून तिचा वचक आहे. फी भरली तेवढ्याची पावती घ्या. पावती नसलेल्या रकमेला फी म्हणत नाहीत, आणि तिला काय म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. काम अडून राहिलं तर तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करायची, त्यावरही पोच घ्यायची. नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागा. 'होत नाही' हा तोंडी नकार पुढे कुठेही दाखवता येत नाही.

कामगार कल्याण उपकराबद्दलही विचारणा होते. बांधकाम खर्चाच्या १ टक्का असा हा उपकर. जुन्या १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराला १० लाखांच्या खर्चापर्यंत सूट होती. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा ५० लाखांवर गेली आहे. साध्या घराला तो सहसा लागू नये. मागितला तर कुठल्या नियमाने ते विचारा.

रस्ता आणि जंगल

रस्त्यालगतची जागा महाग असते आणि फसवीही. महामार्गालगत रस्त्याच्या मध्यापासून साधारण ४० मीटरपर्यंत बांधकाम करता येत नाही. पुणे-बेंगळूर महामार्ग किंवा बेळगाव-खानापूर-पणजी रस्ता, यांच्या कडेला तीन-चार गुंठे घेतलेल्या माणसाने हे अंतर टेपने मोजलं, तर घराला जागाच उरत नाही असं होऊ शकतं. आधी सार्वजनिक बांधकाम खात्यात विचारा, मग इसार द्या.

खानापूर तालुक्यात जंगलाचा प्रश्न आहे. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, आणि त्याच्या आतल्या व लगतच्या गावांत वनखात्याच्या संमतीशिवाय वीटही हलत नाही, हे तिथल्या लोकांना सांगायला नको. पण पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यावरून जी घबराट पसरते तिच्यात तथ्य कमी आहे. ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यात बंदी सुचवली आहे ती २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकाम प्रकल्पांना. गावातलं चार खोल्यांचं घर त्यात येत नाही. त्या भीतीने जमिनी मातीमोल भावात काढू नका.

मीटरचा नवा अडसर

१७ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात निकाल देताना सगळ्या राज्यांना सांगितलं, की बांधकाम पूर्ण झाल्याचा किंवा वापराचा दाखला असल्याशिवाय वीज, पाणी जोडण्या देऊ नयेत. कर्नाटकात त्याची अंमलबजावणी सुरू झाल्यावर हजारो घरं बांधून तयार आणि आत अंधार, अशी गत झाली. पुढे राज्य सरकारने १,२०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेवरील लहान घरांना सवलत द्यायचा निर्णय घेतला. आपलं घर त्यात बसतं का, हे हेस्कॉमच्या शाखेत बांधकामाआधी विचारून घ्या. बांधकामासाठी घेतलेला तात्पुरता मीटर कायमचा होईल हे गृहीत धरू नका. त्याचा दर जास्त असतो आणि तो वर्षानुवर्षं भरणारी घरं आहेत.

परवानगीला मुदत असते, ती कागदावर लिहिलेली असते. पैसे संपले म्हणून दोन-तीन वर्षं काम थांबलं तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्या. आणि मंजूर नकाशात एक मजला असताना वर दुसरा चढवला, तर पहिल्याची परवानगी दुसऱ्याला लागू होत नाही.

शिनोळीत आणि गोव्यात वेगळं

बाची ओलांडून शिनोळीत गेलं की नियम बदलतात, आणि पै-पाहुण्यांचा सल्ला घेताना हे विसरलं जातं. महाराष्ट्रात २०२१ पासून ग्रामीण भागात १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर वेगळी परवानगी लागत नाही. मालकीचे कागद, नकाशा आणि नियमाप्रमाणे असल्याचा परवानाधारक इंजिनिअरचा दाखला देऊन, विकास शुल्क भरून पोच घ्यायची. १,६०० ते ३,२०० पर्यंत ग्रामपंचायत परवानगी देते, नगररचनाकाराकडे जावं लागत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला बिनशेतीची वेगळी परवानगी न घेता कर भरून तसा वापर करता येतो. चंदगडच्या मेहुण्याने हे सगळं बरोबर सांगितलेलं असतं, फक्त ते बेळगाव तालुक्यात चालत नाही.

गोव्यात १९९४ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली परवाना सरपंचाच्या पंचायतीचा, पण त्याआधी फॉर्म एक-चौदा, जमिनीची सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि आरोग्य केंद्राचा ना-हरकत दाखला लागतो. पंचायतीने ३० दिवसांत निर्णय दिला नाही तर पंचायत उपसंचालकांकडे दाद मागता येते. दुसऱ्याच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकारांना १९७५ च्या कायद्याने घर आणि पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क आहे. दुरुस्तीचा परवाना मागण्याआधी तो हक्क नोंदवून घेतलेला बरा.

घरकुल मंजूर असेल तर

सरकारी योजनेतून घर मिळालेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचं साहाय्य हप्त्यांनी येतं, आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवरच्या अक्षांश-रेखांशासह चढवला जातो. पहिला फोटो मोकळ्या जागेचा. मंजुरीचा आदेश यायच्या आत मुहूर्त गाठायला पाया खणला, तर तो फोटो काढताच येत नाही आणि पहिला हप्ता तिथेच अडकतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पूर्ण पडलेल्या घरांना राज्य सरकारने ५ लाख रुपये जाहीर केले होते, तेव्हाही टप्प्याटप्प्याने पैसे सुटायचे आणि पुढच्या हप्त्यासाठी आधीच्या कामाची नोंद लागायची. मुहूर्तच चुकवायचा नसेल तर भटजींना सांगून जागेच्या कोपऱ्यात नारळ फोडा, पूजा करा. कुदळ मारायची ती आदेश हातात आल्यावर.